नदीतल्या वॉलआयसाठी जिगिंग रॉडचा ब्लँक कसा निवडावा

नदीत बोटीतून सरळ खाली जिग (शिशाचं डोकं असलेला गळ) सोडून वॉलआय (उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा) गरवायचा असेल, तर ब्लँक शोधायला बसण्याआधी एक आकडा माहीत हवा: त्या नदीत, त्या महिन्यात दोरी उभी ठेवायला किती वजनाची जिग लागते? हा आकडा ठरला की ब्लँकची निवड निम्मी उरकते. तो नसेल, तर कॅटलॉगमधला महागातला महाग ब्लँकही अंदाजपंचे घेतलेलाच असतो.

ब्लँक म्हणजे रॉडची नुसती कार्बनची नळी. मूठ, रील सीट (रील बसवायची जागा), गाइड (दोरी ओवायच्या कड्या) काहीही न लावलेली. बाकी सगळं पुढे बदलता येतं. गाइड उतरवून नवे बांधता येतात, मूठ कापून दुसरी बसवता येते. ब्लँक चुकला तर मात्र रॉडच चुकतो. म्हणून इथे सगळ्यात जास्त वेळ घालवायचा.

एक खुलासा आधीच करायला हवा. कोकण किनाऱ्यावर समुद्रात गरवणारे ज्याला 'जिगिंग रॉड' म्हणतात, त्याचा ब्लँक शंभर-दोनशे ग्रॅमच्या धातूच्या जिगसाठी असतो. या कामाला तो उपयोगाचा नाही. नदीतल्या वॉलआयची जिग म्हणजे शिशाचं गोल डोकं, एकच गळ आणि त्यावर रबरी अळी नाही तर छोटा मासा. सगळं मिळून ७ ते २८ ग्रॅम.

नदी आणि जिगचं वजन

दोन नद्यांची उदाहरणं घेऊ, म्हणजे फरक कळेल.

अमेरिका-कॅनडा सीमेवरची डेट्रॉइट नदी सेंट क्लेअर सरोवरातून निघून सुमारे ४५ किलोमीटरवर ईरी सरोवराला मिळते. मार्चअखेर ते मे या काळात ईरी सरोवरातले वॉलआय अंडी घालायला या नदीत चढतात आणि परत उतरतात. मिशिगन राज्यातल्या नोवाय, ट्रॉय, कँटन भागात राहणाऱ्या मराठी मंडळींना ही नदी गाडीने तासाभरात गाठता येते. पाणी भरपूर, प्रवाह जोरदार, वॉलआय धरायच्या जागा साधारण ४ ते १० मीटर खोल. इथे सगळ्यात जास्त चालते ती ५/८ औंसाची, म्हणजे जवळपास १८ ग्रॅमची जिग. वारा पडलेला आणि पाणी उथळ असेल तर ३/८ किंवा १/२ औंस (१०.६ किंवा १४ ग्रॅम) पुरते. वारा प्रवाहाच्या विरुद्ध असेल तर ३/४ औंस (२१ ग्रॅम) काढावी लागते.

दुसरी मिसिसिपी, तिचा पूल ४ हा टप्पा. मिनेसोटातल्या रेड विंग गावाजवळच्या लॉक अँड डॅम ३ पासून विस्कॉन्सिनमधल्या अल्माच्या डॅम ४ पर्यंतचा हा भाग. नेहमीच्या पाण्यात इथे १/४ ते ३/८ औंसात काम होतं. पूर चढला की १/२ औंस.

मासा एकच, पण जिगच्या वजनात दुपटीचा फरक. डेट्रॉइटसाठी नेमका बसणारा ब्लँक पूल ४ वर हातात दांडक्यासारखा लागतो. पूल ४ चा नाजूक ब्लँक डेट्रॉइटच्या १८ ग्रॅमखाली टोकाशी इतका वाकतो की जिग तळाला टेकली की नाही तेच कळत नाही.

बोट प्रवाहाबरोबरच वाहू द्यायची असते, मग वजन कशाला लागतं, असं विचारलं जातं. कारण वरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जोरात धावतं. तळाशी दगडगोट्यांच्या घर्षणाने वेग कमी होतो, बोट मात्र वरच्या पाण्याच्या वेगाने जाते. त्यात वारा बोटीला तिसरीकडेच ढकलतो. बोटीच्या नाकाशी लावलेली ट्रोलिंग मोटर थोडी थोडी चालवून हा फरक भरून काढायचा, आणि उरलेला फरक जिगच्या वजनाने. दोरी उभ्या रेषेपासून १०-१५ अंशांहून जास्त कलायला लागली की आधी मोटर सुधारायची, मग जिग बदलायची. असं दिवसभर केल्यावर डब्यातली जी जिग सर्वांत जास्त वेळा दोरीला लागली, तो तुमचा आकडा. ब्लँक त्या वजनासाठी निवडायचा. वर्षातून दोनदा लागणाऱ्या जड जिगसाठी नव्हे.

टोकाने नेमकं काय करायचं असतं

जिगिंगची हालचाल लहान असते. जिग तळाला टेकवायची, १५ ते ३० सेंटिमीटर उचलायची आणि दोरी जवळजवळ ताठ ठेवून पुन्हा तळाशी न्यायची. चावा बहुतेक वेळा खाली जातानाच पडतो. ६ ते १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात वॉलआय सुस्त असतो. कधी एक बारीक टकटक होते, कधी जिग टेकायला हवी त्याच्या आधीच थांबते, तर कधी उचलताना नुसतंच जड लागतं. ही तिसरी खूण ओळखता आली पाहिजे, आणि ती ओळखता येणं टोकावर अवलंबून असतं.

टोक फार मऊ असेल तर तुम्ही मनगट २० सेंटिमीटर उचलता, त्यातला बराच भाग टोक वाकण्यात जातो आणि जिग जेमतेम हलते. खाली नेतानाही उलटं होतं: टोक सरळ होत होत जिगला धरून ठेवतं आणि तळाचा ठोका पसरट, मागाहून येतो. मासा आला की तळ आला, हे कळत नाही.

टोक फार ताठ असेल तर ठोके स्वच्छ येतात, पण दुसरी अडचण उभी राहते. वॉलआय जिग पाण्यासकट आत ओढून घेतो. ताठ टोक आणि न ताणणारी ब्रेडेड दोरी एकत्र आली की जिग त्याच्या तोंडात पुरती जाण्याआधीच अडते. चावे भरपूर, मासे कमी, आणि जे लागतात ते ओठाच्या कडेला लागलेले. असा अनुभव वारंवार येत असेल तर शेवटाला तीन काट्यांचा जादा गळ बांधण्याआधी टोकाकडे बघा.

म्हणून या कामाला एक्स्ट्रा-फास्ट ॲक्शन लागते: वरचा साधारण चौथा हिस्सा वाकणारा, त्याखाली ब्लँक लगेच दम धरणारा. टोक चाव्यासाठी, मधला भाग गळ रुतवण्यासाठी, खालचा भाग मोठा मासा प्रवाहातून वर आणण्यासाठी. फास्ट ॲक्शन चालते, पण तिच्यात वाक अधिक खोलपर्यंत उतरतो, त्यामुळे तीच जिग हाताला मंद वाटते. मॉडरेट ॲक्शनचे ब्लँक क्रँकबेट (पोहणारा नकली मासा) ओढायला उत्तम, इथे नकोत.

तपासायची सोपी पद्धत अशी. ब्लँकचं जाड टोक, जिथे मूठ येणार आहे तेवढं, टेबलाच्या कडेवर आडवं दाबून धरा. बारीक टोकाला मास्किंग टेपने तुमच्या नेहमीच्या वजनाची जिग टांगा. वाक फक्त वरच्या २५-३० सेंटिमीटरमध्ये दिसला पाहिजे आणि टोक साधारण ४ ते ७ सेंटिमीटर खाली आलं पाहिजे. १२-१५ सेंटिमीटर झुकलं तर त्या जिगसाठी तो ब्लँक मऊ. झुकल्याचं दिसतच नसेल तर ताठ.

'मीडियम लाइट' म्हणजे किती?

ब्लँकच्या नावातली अक्षरं वाचायला अवघड नाहीत. ६३एमएलएक्सएफ म्हणजे ६ फूट ३ इंच, मीडियम लाइट, एक्स्ट्रा-फास्ट. अडचण अशी की 'मीडियम लाइट' हे माप नाही, त्या त्या कारखान्याचं मत आहे. एकाचा मीडियम लाइट दुसऱ्याच्या मीडियमइतका दमदार निघतो. कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही तसं होतं.

ब्लँकसोबत छापलेलं जिगचं वजनही जपून वाचा. १/८ ते १/२ औंस असं लिहिलेलं असतं ते फेकण्यासाठी. फेकताना झटक्यामुळे ब्लँकवर जिगच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. उभ्या जिगिंगमध्ये फेक नाहीच, त्यामुळे १/२ औंस मर्यादा लिहिलेल्या ब्लँकवर ५/८ ची जिग खुशाल चालते, तो मोडत नाही. प्रश्न मोडण्याचा नसून टोक किती झुकतं याचा आहे, आणि त्यासाठी वरचीच चाचणी. पाण्यात दोरीवर आणि रबरी अळीवर प्रवाहाचा दाब पडतो, म्हणून टोकाला भार हवेतल्या जिगपेक्षा थोडा जास्तच लागतो, हेही धरून चाला.

मापाच्या भाषेत बोलायचं तर अमेरिकेतले रॉड बांधणारे कॉमन सेंट्स पद्धत वापरतात. डॉ. विल्यम हॅनेमन यांनी ती मांडली. ब्लँक आडवा धरून टोकाला पिशवी टांगायची आणि टोक ब्लँकच्या लांबीच्या एक तृतीयांश खाली येईपर्यंत तिच्यात एक सेंटची नाणी टाकत जायची. १९८३ पासूनचं नाणं अडीच ग्रॅमचं, त्यामुळे नाणी मोजली की ग्रॅम मिळतात. हे वजन म्हणजे ब्लँकची ताकद. त्याच स्थितीत टोकाची रेषा आडव्या रेषेशी किती अंशांचा कोन करते, ती ॲक्शन. ६६ अंशांच्या पुढे फास्ट धरतात. जिगिंगचे चांगले एक्स्ट्रा-फास्ट ब्लँक त्याच्याही बऱ्याच पुढे असतात.

घरी करताना नाणी नसली तरी बिघडत नाही. झिपच्या पिशवीत मापाच्या पेल्याने पाणी ओता. १ मिलिलिटर म्हणजे १ ग्रॅम. पिशवी आणि क्लिपचं वजन त्यात धरायला विसरू नका. ६ फूट ३ इंच म्हणजे ७५ इंच, त्याचा तिसरा हिस्सा २५ इंच, म्हणजे ६३.५ सेंटिमीटर. मागे भिंतीवर आडवी दोरी ताणून बाजूने फोटो काढा, कोन फोटोवरच कोनमापकाने मोजता येतो. प्रत्येक ब्लँक सारख्याच जागी धरला पाहिजे; एकदा शेवटाला आणि एकदा २० सेंटिमीटर पुढे धरलात तर तुलनेला अर्थ राहत नाही.

या मोजणीचा खरा फायदा असा. मित्राच्या बोटीत एखादा रॉड हाताला आवडतो. तो तयार रॉड घरी आणून मोजा: ताकद किती ग्रॅम, कोन किती अंश, तुमची जिग टांगल्यावर टोक किती झुकतं. हे तीन आकडे घेऊन ब्लँक विकणाऱ्याला विचारलं की तो तुम्हाला नेमका जवळचा ब्लँक दाखवू शकतो. 'सेन्सिटिव्ह पाहिजे' असं सांगून कुणालाच काही कळत नाही.

मात्र तयार रॉडचे आकडे आणि कोऱ्या ब्लँकचे आकडे यांत थोडा फरक येतो. गाइड, दोरा आणि इपॉक्सी यांचं वजन टोकाला येतं आणि तयार रॉड कोऱ्या ब्लँकपेक्षा किंचित मंद होतो. म्हणून हातात हलवून बघताना ब्लँक हवा त्यापेक्षा थोडा तरतरीत वाटला तर तो बरोबर आहे.

ढोबळ हिशोब असा धरा. ७ ते १० ग्रॅमच्या जिगसाठी मऊ बाजूचा मीडियम लाइट. १४ ते १८ ग्रॅमसाठी दमदार मीडियम लाइट किंवा हलका मीडियम. डेट्रॉइट नदीवर एकच रॉड बांधायचा तर हाच. २१ ते २८ ग्रॅमसाठी मीडियम, आणि त्याच्या पुढे जाऊ नका. मीडियम हेवी ब्लँकवर ४५-५० सेंटिमीटरच्या वॉलआयचा गळ सुटतो, कारण वाकून दाब सांभाळणारं काहीच उरत नाही. गळाने तोंडात पाडलेलं भोक मोठं होतं आणि वर आणताना मासा डोकं हलवतो तेव्हा जिग निसटते.

लांबी

उभ्या जिगिंगमध्ये फेकायचं नाही, त्यामुळे लांब रॉडचा फायदा नाही, तोटे आहेत. टोक पाण्याजवळ, पृष्ठभागापासून वीतभर ते फूटभर ठेवायचं असतं, म्हणजे वाऱ्याला पकडायला दोरी कमी मिळते. ७ फुटांचा रॉड बोटीच्या कडेवरून असा धरायचा तर हात अवघडतो, टोक वर जातं आणि एप्रिलच्या वाऱ्यात दोरीला पोट पडतं. पोट पडलेल्या दोरीतून चावा येतच नाही.

खुर्चीत बसून गरवणाऱ्यांना ५ फूट ९ इंच ते ६ फूट ३ इंच. उभं राहून गरवणाऱ्यांना, किंवा बोटीची कड उंच असेल तर ६ फूट ३ ते ६ फूट ८ इंच. दोन्ही हातांत एकेक रॉड घेऊन गरवणारे लोक डेट्रॉइट नदीवर पुष्कळ दिसतात. त्यांनी दोन्ही रॉड ६ फुटांच्या आतबाहेर आणि अगदी एकाच ब्लँकचे बांधावेत. दोन वेगळ्या ब्लँकवरून येणारे ठोके एकाच वेळी वाचणं अवघड जातं.

हवी ती लांबी मिळत नसेल तर ब्लँक कापता येतो, पण कुठून कापायचा हे पक्कं ठरवा. जाड टोकाकडून ५ ते १२ सेंटिमीटर कापले तर टोकाचा स्वभाव तसाच राहतो, कारण कापलेला भाग एरवी मुठीतच गेला असता. बारीक टोकाकडून ५ सेंटिमीटर जरी कापले तरी ब्लँकचा सर्वांत नाजूक, सर्वांत उपयोगाचा भाग गेला; ताकद एकदम चढते आणि तो जिगिंगचा ब्लँक राहत नाही. कापण्याच्या जागी मास्किंग टेपचे दोन-तीन वेढे द्या, बारीक दातांच्या करवतीने किंवा कटिंग चकतीने सावकाश फिरवत कापा. दाब देऊन एका बाजूने कापलं तर धागे उसवतात. कार्बनची धूळ फुफ्फुसाला वाईट, मास्क लावल्याशिवाय हे काम नको.

कार्बन किती 'उंच' घ्यायचा

विकणारे मॉड्युलसचे आकडे पुढे करतात. मॉड्युलस जितका जास्त तितके धागे ताठ. म्हणून तेवढ्याच ताकदीसाठी कमी माल लागतो, ब्लँक हलका होतो आणि टोक झटक्यानंतर लवकर स्थिर होतं. ठोका स्पष्ट कळण्यामागे हे कारण आहे. आयएम६, आयएम७, आयएम८ ही नावं मात्र दर्जाची पायरी समजू नका. ती हेक्सेल कंपनीच्या धाग्यांची व्यापारी नावं आहेत. इतर उत्पादक ती सैलपणे वापरतात.

जास्त मॉड्युलसची किंमत पैशातच नाही, भिंतीच्या जाडीतही मोजावी लागते. पातळ भिंतीच्या ब्लँकला टणक वस्तूचा मार सोसत नाही. या प्रकारच्या मासेमारीत ब्लँक मोडण्याचं पहिलं कारण मासा नव्हे, जिगच. १८ ग्रॅमचं शिसं झुलत येऊन ब्लँकवर आपटतं, वरून काही दिसत नाही, आत धागे दुखावतात. पुढे कधीतरी साध्याशा माशाला तो त्याच जागी कडकन तुटतो आणि दोष ब्लँकला लागतो. दुसरं कारण बोटीच्या कडेशी घडतं: मासा जाळ्याजवळ आल्यावर रॉड उभा करून मागे खेचला की सगळा भार टोकाच्या वीतभर भागावर जातो.

त्यामुळे एकट्याने, नीट टापटीप बोटीत गरवणाऱ्याने उच्च मॉड्युलसचा ब्लँक जरूर घ्यावा. फरक पहिल्या तासात जाणवतो. बोटीत मुलं, नवखे पाहुणे किंवा एकावर एक पडलेले रॉड असतील तर मधल्या दर्जाचा घ्या. दोघांत संवेदनशीलतेचा जो फरक आहे, त्यापेक्षा मोडक्या आणि धडक्या रॉडमधला फरक मोठा आहे.

ग्लास (फायबरग्लास) किंवा ग्लास-कार्बन मिश्रणाचे ब्लँक हातात धरायच्या रॉडसाठी घेऊ नका. मिशिगनमध्ये एका माणसाला तीन दोऱ्या टाकता येतात. त्यातली एक होल्डरमध्ये स्थिर ठेवायची असेल तर तिथे मात्र मऊ, खोल वाकणारा मिश्र ब्लँक फार छान काम करतो, कारण मासा जिग तोंडात घेऊन वळेपर्यंत त्याला काही अडत नाही.

नावं विचाराल तर विस्कॉन्सिनच्या पार्क फॉल्समध्ये १९४८ पासून चालणारी सेंट क्रॉय, वॉशिंग्टन राज्यातल्या सीक्विमच्या बॅट्सन कंपनीचे रेनशॅडो, त्याच राज्यातल्या वुडलँडची नॉर्थ फोर्क कॉम्पोझिट्स आणि फ्लोरिडाच्या मड होल दुकानाचे एमएचएक्स ब्लँक अमेरिकेत सहज मिळतात. चारांकडेही या कामाचा एखादा तरी ब्लँक सापडतो. नाव बघून नको, झुकाव बघून घ्या.

कागदावर वाचायचे आकडे

दुकान लांब असेल आणि ब्लँक न बघताच मागवायचा असेल तर चार आकडे तपासा. टोकाची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात लिहितात. ४ ते ५ म्हणजे १.६ ते २ मिलिमीटर, जिगिंगच्या ब्लँकला एवढी बरोबर. ६ किंवा जास्त असेल तर टोक जाड आहे, ताठ किंवा ग्लासचं असण्याचा संभव. बुडाची जाडी बहुधा ०.३८ ते ०.४६ इंच असते. ६ फूट ३ इंचाच्या कोऱ्या ब्लँकचं वजन साधारण २८ ते ४२ ग्रॅम. चौथा आकडा दोरीच्या ताकदीचा: ४ ते ८ किंवा ६ ते १० पौंड लिहिलेले ब्लँक या कामाचे. वर ब्रेडेड दोरी १० पौंडांची लावली तरी चालते, रीलचा ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा दोरी सुटू देणारा ब्रेक) मात्र त्या हिशोबाने सैल ठेवा.

एक तुकडा की दोन? बोट घराशी असेल आणि गाडीत जागा असेल तर एक तुकडा. दोन तुकड्यांचे आजचे सांधे वाईट नाहीत. थोडं वजन वाढतं आणि सांधा ढिला राहिला तर प्रत्येक ठोक्याला 'टिक' येते, ती चाव्यासारखीच वाटते.

ब्लँक हातात आल्यावर

बांधायला घेण्याआधी तपासा, कारण एकदा इपॉक्सी लावली की परत घेत नाहीत. ब्लँक सपाट टेबलावर फिरवा आणि टोकाकडे बघा. किंचित वाक बहुतेक ब्लँकमध्ये असतो. टोक गोल गोल डुलत असेल, तर कुठल्या बाजूला किती वळलंय ते पेन्सिलने खुणा करून ठरवा. सेंटिमीटरभर असेल तर गाइड त्या हिशोबाने लावून लपतो. जास्त असेल तर परत पाठवा.

नंतर उजेडात अंगठ्याने पूर्ण लांबी चाचपा. सुरकुती, पोकळ फुगवटा, पांढुरकी रेघ दिसली तर तो ब्लँक घेऊ नका. बारीक टोक छताला किंवा कापड गुंडाळलेल्या फळीला टेकवून हळूहळू वाकवा आणि कान द्या. कर्रर असा आवाज आला तर आत थर सुटलेले आहेत.

आता 'स्पाइन'. ब्लँक एका बाजूला थोडा अधिक ताठ असतो, आणि गाइड त्याच बाजूला लावले नाहीत तर रॉड पिळतो असं बरेच जण ठासून सांगतात. स्पिनिंग रॉडमध्ये गाइड खाली लटकतात, भार आला की ते खालीच राहू पाहतात. स्पाइन कुठेही असली तरी रॉड पिळत नाही. बेटकास्टिंगमध्ये गाइड वर असतात आणि भाराने फिरू बघतात. तिथे स्पाइनने तो पीळ थांबत नाही, गाइड ब्लँकभोवती वळवत खाली आणले तर थांबतो. म्हणून गाइड ब्लँकच्या सर्वांत सरळ रेषेवर लावा, म्हणजे रॉड डोळ्यालाही सरळ दिसतो.

स्पिनिंग की बेटकास्टिंग, यावरून ब्लँकची निवड फारशी बदलत नाही. तळ सतत चढउतार करत असेल तर बेटकास्टिंगवर अंगठ्याने दोरी सोडणं सोपं पडतं. थंडीत हातमोजे घालून मात्र बहुतेकांना २५०० आकाराचं स्पिनिंग रीलच सोयीचं वाटतं.

टेपने बांधून करायची चाचणी

हा टप्पा गाळू नका. रील इन्सुलेशन टेपने ब्लँकवर बांधा, गाइड मास्किंग टेपने लावा. ६ फूट ३ इंचाला टोकाचा टिप-टॉप धरून आठ पुरतात. स्पिनिंगसाठी रीलकडून १६, ८, ५.५ आणि पुढचे चार ५ नंबरचे, हा नेमका हिशोब. फेकायचं नसल्यामुळे पहिल्या गाइडच्या अंतराची काळजी फार करावी लागत नाही, पण टोकाकडचे गाइड हलके हवेत. तिथला प्रत्येक जादा ग्रॅम टोक मंद करतो, म्हणून टायटॅनियम फ्रेमवर पैसे घालवायचे तर शेवटच्या चार-पाच गाइडवरच घाला. ४ नंबरपेक्षा लहान मात्र नको: मार्चमध्ये सकाळी गाइडात बर्फ धरतो आणि ब्रेडेड दोरी आणि तिच्या खाली जोडलेली फ्लोरोकार्बन (घासायला टिकणारी पारदर्शक दोरी) यांची गाठ अडकते. ती गाठ लागतेच, कारण डेट्रॉइट नदीच्या तळावर झेब्रा शिंपल्यांच्या धारदार कडा आहेत (हे शिंपले सेंट क्लेअर सरोवरात १९८८ मध्ये सापडले आणि नंतर सगळीकडे पसरले), त्यावर ब्रेड घासली की संपली. खाली ६० ते ९० सेंटिमीटर १० किंवा १२ पौंडांची फ्लोरोकार्बन हवीच.

टेपचा रॉड घेऊन दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत किंवा जिन्यात उभे राहा. नेहमीची जिग खाली फरशीवर सोडा. डोळे मिटून टेकवा, उचला, टेकवा. टेकल्याचा ठोका तर्जनीला त्याच क्षणी कळला पाहिजे. मग कुणाला तरी खाली उभं करा: तुम्ही रॉडचा मधला भाग ३० सेंटिमीटर उचललात तर जिग किती वर येते ते त्याने पट्टीवर बघायचं. २५ च्या वर असेल तर टोक योग्य. १५-२० असेल तर उरलेलं टोकाने खाल्लं. एकतर जिग हलकी करा किंवा ब्लँक एक पायरी वरचा घ्या. शेवटी त्याला रबरी अळी दोन बोटांत हलकेच धरायला सांगा, ओढायला नको, फक्त वजन थोडं उचलायला. थंड पाण्यातला वॉलआय असाच चावतो. दोरी सैल झाल्याचं तुम्हाला कळलं तर हा ब्लँक बांधायच्या लायकीचा आहे.

याच टेपच्या रॉडवर मुठीची जागाही ठरवा. रील लावून रॉड रीलच्या पायाखाली एका बोटावर तोलून बघा. टोक किंचित जड राहिलं तर चालेल, पण दिवसभर हाताने वर धरावं लागेल इतकं नको. रील सीटच्या मध्यापासून मागचा शेवट २०-२३ सेंटिमीटर ठेवला तर बसून गरवताना तो जॅकेटमध्ये अडकत नाही. तर्जनी थेट ब्लँकला लागेल अशी उघडी सीट निवडा, १६ किंवा १७ नंबरची. हातमोजे घालणार असाल तर १७. थंडीत कॉर्कची मूठ फोमपेक्षा हाताला उबदार लागते.

गाइडांच्या जागा पेन्सिलने नोंदवून टेप काढा. दोरा ए नंबरचा, खाली जादा थर न देता. इपॉक्सी दोन पातळ थरांत, टोकाकडे अगदी कमी. रॉड फिरत ठेवून पहिला थर पूर्ण वाळू द्या, मगच दुसरा. दुसरा थर कडक झाल्यावर टोकाला तीच जिग पुन्हा टांगून झुकाव मोजा. कोऱ्या ब्लँकच्या आकड्यापेक्षा तो सेंटिमीटरभराहून जास्त वाढला असेल तर टोकाकडे इपॉक्सी किंवा गाइडचं वजन जास्त पडलंय. वरचे तीन गाइड उतरवून ते हलके करून पुन्हा बांधा.